वऱ्हाडतळ्याजवळचे मैलकामगार

डांबरी रस्त्यावरून खाली मातीत पाऊल ठेवायचं झालं की ते आधी हातातली काठी जमिनीवर दोनदा आपटायचे, मान जरा वाकडी करून ऐकायचे आणि मगच पाय उचलायचे. बाजारात कलिंगड घेताना आपण टिचकी मारून कान लावतो ना, तसं. फरक इतकाच की कलिंगड कच्चं निघालं तर आपण नुसते चरफडतो. त्यांना आवाज पटला नाही, तर ते दोन पावलं मागे सरायचे आणि कसलाही संकोच न करता सांगायचे, "मना भ्या वाटतंय."

पन्नाशी उलटलेल्या, सरकारी खाकी कपड्यातल्या पुरुषाने चारचौघांत असं म्हणावं, याचं मला पहिल्या दिवशी हसू आलं होतं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा. डोंबिवलीत वाढलेला, पदविका घेऊन नुकताच बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलेला. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. कल्याणच्या कार्यालयात हजर झालो, आणि टिटवाळ्याच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यांपैकी एक तुकडा माझ्याकडे आला. रस्त्याबरोबर हे काठीवाले मैलकामगारही आले. मैलकामगार म्हणजे रस्त्याचा ठरलेला तुकडा रोज चालून पाहणारा माणूस. खड्डे बुजवायचे, गटारं मोकळी करायची, पडलेली फांदी ओढून बाजूला टाकायची. फावडं, घमेलं, पहार आणि एक लाल निशाण एवढा त्यांचा संसार. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. गाडी भरधाव जाते, आणि रस्त्याच्या कडेला वाकलेली ती खाकी पाठ मागे राहते.

ते जवळच्याच गावचे, आगरी समाजातले. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला साहेब म्हणायचे. वयाच्या मानाने हे उलटंच होतं, पण सरकारी रिवाजच तसा.

त्यांच्या तुकड्यात रस्त्यापासून पन्नासेक पावलांवर एक तळं होतं. ताटासारखं गोल. काठ उभे, तासून काढल्यासारखे. पाणी हिरवट काळं आणि कायम गार. उन्हाळ्यात आसपासच्या विहिरी तळ दाखवायच्या, पण या तळ्याचं पाणी हातभरही उतरायचं नाही. गावातल्या म्हशी पलीकडच्या ओढ्यावर जायच्या, इकडे फिरकायच्या नाहीत. जुनी माणसं सांगत की इथे मुळात तळं नव्हतंच. सपाट जमीन होती, ती एका दिवशी खचली आणि खालून पाणी वर आलं. आमच्या खात्यातल्या एका वयस्क अभियंत्याचं मत असं, की खाली कातळात कसलीतरी मोठी पोकळी असावी. पोकळी किती मोठी, कुठवर गेलेली, हे कोणी पाहिलं नव्हतं.

टिटवाळ्याला गणपतीला जाणारी मंडळी येता-जाता इथे थांबायची. एका हॉटेलवाल्याने काठाजवळ पत्र्याची शेड टाकली होती. वडे, मिसळ, ताक मिळायचं. बाहेर फळ्यावर रंगवलेलं, 'ऐतिहासिक वऱ्हाडतळे'. हॉटेलवाला गोष्ट झकास सांगायचा. दोनशे माणसांचं वऱ्हाड वाजतगाजत चाललेलं, नवरदेव घोड्यावर, कोणा साधूचा अपमान झाला, साधूने पाय आपटला आणि सगळं वऱ्हाड घोड्यासकट जमिनीत गडप. अजून अमावास्येला कान लावला तर सनई ऐकू येते. मग माणसं काठाशी जाऊन कान लावायची, मुलं दगड टाकून किती वेळ बुडबुडे येतात ते बघायची, नवी जोडपी पाण्याकडे पाठ करून फोटो काढायची. काका रस्त्यावर उभे राहून हे बघत असायचे. पाण्याकडे नाही, लोकांच्या पायांकडे.

एकदा दुपारी आम्ही दोघं रस्त्याकडेच्या आंब्याखाली डबा खात होतो. मी सहज विचारलं, काका, हे वऱ्हाडाचं किती खरं? त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "वऱ्हाड नव्हतं साहेब. माझी आजी होती. एकटीच."

त्यांनी सांगितलं ते असं. तिथे त्यांच्या घराण्याचं खळं होतं. भाताची झोडणी झालेली, आजी उन्हात भात पसरून पायाने हालवत होती. काकांचे वडील तेव्हा आठ-नऊ वर्षांचे, बांधावर बसलेले. आईने हाक मारली, पाण्याचा तांब्या आण. हे खेळात होते, उठले नाहीत. दुसऱ्यांदा हाक आली तेव्हा कंटाळून उठले, घराकडे वळले, तांब्या घेऊन आले तर खळं नव्हतं. ओरडण्याचा आवाजही झाला नाही. फक्त कोंड्याची धूळ हवेत होती, आणि ती हळूहळू खाली बसत होती.

त्या वडिलांनी पुढे आयुष्यभर जमीन ठोकून पाऊल टाकलं आणि मुलालाही तेच शिकवलं. भरीव जमीन कशी वाजते, पोकळ कशी वाजते, ओली पोकळ आणि कोरडी पोकळ यांत फरक काय. काकांना अक्षर येत नव्हतं, पण हे येत होतं.

मी म्हटलं, मग लोकांना खरं का सांगत नाही? त्यांनी शेडकडे बघितलं. एका बाईची गोष्ट ऐकायला कोण गाडी थांबवील, असं काहीसं म्हणाले आणि डबा धुवायला उठले.

मला एक गोष्ट समजत नव्हती. इतकी भीती वाटते, तर हा माणूस दुसरा तुकडा का मागून घेत नाही? सतरा-अठरा वर्षं तो त्याच रस्त्यावर होता. मी एकदा विचारलंही. त्यांना माझा प्रश्नच कळेना. त्यांच्या लेखी उत्तर अगदी उघड होतं. "मना भ्या वाटतं म्हनूनच तर मी हितं पायजे. ज्याला भ्या वाटत नाय त्याला हितं ठेवून काय उपेग?"

तिसऱ्या की चौथ्या उन्हाळ्यातली गोष्ट. वैशाखात एक दिवस ते सकाळीच मला शोधत कार्यालयात आले. ते कधी कार्यालयात येत नसत. पंख्याखाली बसवलं तरी घाम थांबेना. तळ्याच्या रस्त्याकडच्या अंगाला, शेड आणि डांबर यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, भेग पडली होती. मी जाऊन पाहिली. बोटभर रुंद, लांबीला तळ्याच्या काठाला समांतर, धनुष्यासारखी वाकलेली. उन्हाने जमीन तडकते ती जाळीसारखी तडकते. ही तशी नव्हती.

काकांनी त्या भेगेवर जागोजागी चिखलाचे गोळे थापून ठेवले होते. गोळा वाळला, आणि भेग हलली तर गोळा तडकणार. असंच काहीसं आम्हाला वर्गात काचेच्या पट्ट्या चिकटवून शिकवलं होतं. त्यांना कोणी शिकवलं असेल? चार दिवसांनी मी परत गेलो. एकही गोळा साबूत नव्हता.

खरं सांगतो, त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. पाय आपोआप मागे आले. काका माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं म्हणणं बरोबर नाही, पण एकट्याने ओझं वाहणाऱ्याला दुसरा हात लागल्यावर दिसतो, तसा काहीसा चेहरा होता. आम्ही दोघांनी मिळून डांबराची रिकामी पिंपं आणली, त्यांत दगड भरले आणि ती जागा अडवली. मी वर पत्र लिहिलं.

आठवड्याभरात आमचे उपअभियंता साहेब जीपमधून आले. हॉटेलवाला त्यांच्या आधी कार्यालयात जाऊन आला होता, गावातले दोन-तीन वजनदार लोक बरोबर घेऊन. श्रावणात अंगारकी येणार, हजारो गाड्या येणार, त्या उभ्या करायला तीच एक जागा. साहेबांनी भेगेपाशी पाच मिनिटं काढली. उन्हाने जमीन फाटते, पहिल्या पावसात मिटते, हे त्यांनी मला सांगितलं. वाईट माणूस नव्हते ते. घाईत होते, एवढंच. जीपमध्ये बसता बसता म्हणाले, अहवाल लिहून टाक, सध्या धोका दिसत नाही.

मी लिहिला. वाक्य त्यांचं असेल, पण अक्षर माझं होतं आणि खाली सही माझी होती. तीन-चार वर्षं झाली तरी नोकरी अजून पक्की व्हायची होती, घरी लग्नाचं बघत होते. ही कारणं मी तेव्हाही स्वतःला सांगितली होती, आजही सांगतो. त्यांचा उपयोग तेव्हाही झाला नाही.

पिंपं हटवायला मी काकांनाच सांगितलं. दुसरं कोण होतं? त्यांनी घमेलं घेतलं. एकेक पिंप रिकामं केलं, आडवं पाडलं आणि लोटत रस्त्याच्या पलीकडे नेऊन ठेवलं. शेवटचं पिंप ठेवून आल्यावर पाणी प्यायले आणि कामाला निघून गेले. त्या दिवसापासून ते माझ्याशी कमी बोलायला लागले, आणि मी त्यांच्या तुकड्यावर कमी जायला लागलो.

पाऊस आला. भेग दिसेनाशी झाली, वर गवतही उगवलं. मी सुटकेच्या सुरात म्हटलं, बघा काका, बुजली. त्यांनी मान हलवली. "बुजली नाय साहेब. पानी प्यायलीय ती."

अंगारकीचा मंगळवार उजाडला. माझी नेमणूक त्याच ठिकाणी, गाड्या सुरळीत लावायला. सकाळी अकराच्या सुमाराला त्या मोकळ्या जागेत आठ-दहा गाड्या उभ्या होत्या. पाऊस थांबून ऊन पडलं होतं, जमिनीतून वाफ येत होती. डोंबिवलीहून आलेली एका भजनी मंडळाची बस तळ्याच्या अगदी जवळ, मागची बाजू पाण्याकडे करून लागली. बायका उतरून शेडमध्ये गेल्या. ज्यांना चालवत नव्हतं अशा चार-पाच म्हाताऱ्या आतच बसून राहिल्या, टाळ वाजवत हळू आवाजात काहीतरी म्हणत.

काका गाड्यांच्या मधून माझ्याकडे आले. चालत नव्हते, पाय चाचपत येत होते. माझ्या अगदी जवळ येऊन, कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "साहेब, सकाळपासून आवाज बदललाय."

मी काय केलं असेल, असं वाटतं तुम्हाला? मी घड्याळाकडे पाहिलं. म्हटलं, ड्रायव्हर नाश्ता करून येऊ दे, मग बस पुढे घ्यायला सांगू. म्हटलं, उगीच घबराट नको, गर्दी आहे. माझं तोंड हे सगळं बोलत होतं आणि माझ्या पायांना तळव्यातून मुंग्या येत होत्या. भेग नेमकी माझ्यापासून किती पावलांवर होती, एवढंच मी आठवत होतो. पलीकडे जाऊन ड्रायव्हरला शोधायची माझी छाती नव्हती. धोका नाही असं लिहून देणारा मी, आणि मीच डांबरावरून खाली उतरत नव्हतो.

काकांनी माझी वाट बघितली. मग वळले आणि बसकडे गेले.

त्यांना जाताना मी पाहिलं, ते सांगतो. माणूस थंडीत कुडकुडतो तसे ते थरथरत होते. दोनदा थांबले. बसच्या पायरीवर पाय ठेवताना दांडा हाताला लागेना. आत गेले. टाळ थांबले. जरा वेळाने पहिली म्हातारी दारात आली, मग दुसरी. ते एकेकीला उतरवत होते, रस्त्याकडे बोट करत होते, आणि पहिली डांबरावर पोहोचल्याशिवाय दुसरीला खाली सोडत नव्हते. एकीचे दोन्ही गुडघे गेलेले. ती त्यांना जोरात विचारत होती की तुम्ही कोण आणि मला का उतरवताय. त्यांनी तिला पाठीवर घेतलं. चाळीसेक पावलांचं अंतर ते तिला घेऊन आले. म्हातारी त्यांच्या पाठीवर मारत होती आणि तिची एक चप्पल मध्येच गळून पडली.

एव्हाना लोक जमले. हॉटेलवाला धावत आला आणि त्याने काकांची कॉलर धरली. सणासुदीला लोकांना भिवडवतोस, धंद्याच्या मुळावर उठलास, असं बरंच काही तो बोलला. तेव्हा कुठे माझ्या तोंडून आवाज फुटला. मी रस्त्यावरूनच ओरडून ड्रायव्हरला बस काढायला सांगितली. सरकारी माणूस ओरडतोय म्हटल्यावर बस निघाली, मागोमाग बाकीच्या गाड्याही निघाल्या. जागा रिकामी झाली. सगळे रांगेने रस्त्यावर उभे राहून बघायला लागले.

काही झालं नाही.

पाच मिनिटं गेली, पंधरा गेली, अर्धा तास गेला. जमीन होती तिथेच होती. एक कुत्रा त्या जागेच्या मधोमध जाऊन उन्हात पसरला. कोणीतरी हसलं. मग एका माणसाचं लक्ष काकांच्या कपड्यांकडे गेलं. त्यांची खाकी चड्डी पुढून भिजलेली होती, ओघळ पिंढरीपर्यंत आला होता. तो माणूस दुसऱ्याला दाखवून काही बोलला आणि हसू रांगेतून पसरत गेलं. पाठीवरून आणलेली म्हातारी तेवढी हसली नाही. तिने पदराने त्यांचं तोंड पुसायला हात पुढे केला, पण ते मागे सरले.

मी त्यांना घरी जायला सांगितलं. एवढंच केलं मी. त्यांच्या शेजारी जाऊन उभं राहायला हवं होतं, ते केलं नाही.

तक्रार झाली. काकांना खुलासा मागितला गेला. त्यांचं म्हणणं कारकुनाने लिहून घेतलं, खाली त्यांचा अंगठा घेतला. मला आठवतं, त्यात एकच वाक्य होतं, 'मला भीती वाटली म्हणून मी लोकांना उतरवले.' आठ दिवसांत त्यांची शीळच्या बाजूच्या रस्त्यावर बदली झाली. घरापासून सायकलने दीड-पावणेदोन तास.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी, भाद्रपदात, गर्दी नसलेल्या एका आडवारी दुपारी पाऊस धरलेला. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून हॉटेलवाला छत्री घेऊन रस्त्यापलीकडे पानाच्या टपरीवर गप्पा मारत उभा होता. त्याने मला नंतर सांगितलं की आवाज झालाच नाही. त्याला वाटलं, पावसाची सर आडवी आली म्हणून शेड दिसत नाही. सर ओसरली तेव्हाही शेड दिसेना. शेड, फळा, बाकडी, ती सगळी मोकळी जागा, तिथे उभी असलेली एक रिकामी मेटॅडोर, सगळं गेलं होतं. तळं रस्त्यापासून पाच पावलांवर आलं होतं. पाणी गढूळ, आणि त्यावर तेलाचा तवंग फिरत होता. माणूस एकही गेला नाही. हॉटेलवाला त्या दिवशी रस्त्यावर उकिडवा बसून होता.

मी पोहोचलो तेव्हा तासभर झाला होता. पाण्याकडे बघताना मला मंगळवार दिसत होता. शेडमध्ये उपवासाचे साबुदाणावडे खाणाऱ्या बायका दिसत होत्या. मी रस्त्याच्या पलीकडच्या कडेला जाऊन ओकलो.

संध्याकाळ व्हायच्या आत काका आले. कोणाकडून तरी कळलं, तसे शीळहून पावसात सायकल मारत आले होते. खड्ड्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. लाल निशाण काढलं, दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवली, आणि तीसेक पावलं डांबर काठीने ठोकून पाहिलं. सगळं झाल्यावर माझ्याकडे आले आणि रस्ता आजच्या आज वळवा म्हणाले. या वेळी मी कोणाला विचारलं नाही. पिंपं अजून तिथेच पडली होती. आम्ही दोघांनी आणि त्या हॉटेलवाल्याने मिळून रस्ता बंद केला.

काम उरकल्यावर मी त्यांना म्हटलं, काका, तुमचं खरं निघालं. मला माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं ते हे. त्यांचे डोळे भरून आले. "मी खोटा निघावा म्हनून नवस केलता साहेब," ते म्हणाले. "लोक हसले तवा मना बरं वाटलं. म्हटलं, पावला."

हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

चौकशी झाली, कागद फिरले. माझ्या त्या अहवालावर थोडा ठपका आला आणि पुढे तोही विरून गेला. रस्ता शेतातून वळवून लांब नेला, तळ्याभोवती कुंपण झालं. काकांना परत जुन्या तुकड्यावर आणलं आणि ते तिथूनच निवृत्त झाले. मी बढतीवर ठाण्याला गेलो. तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. पण मला तेव्हापासून एक खोड लागली. सही करायच्या आधी पेन कागदावर टेकवून मी थांबतो. हाताखालचे लोक कुजबुजतात की साहेब भित्रे आहेत. त्यांचं बरोबर आहे.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत एका सकाळी माजिवड्याला, कामावर जाताना, मला ते अचानक भेटले. एका नव्या सात मजली इमारतीच्या फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. अंगावर पांढरा सदरा, पायजमा. बारीक झाले होते. मला आधी त्यांनीच ओळखलं. मुलाने गावची जमीन विकली होती आणि इथे पाचव्या मजल्यावर घर घेतलं होतं. मुलगा चांगला होता, सून चांगली होती, नळाला पाणी होतं, सगळं चांगलं होतं. त्यांनी ते सगळं क्रमाने सांगितलं. मग माझा हात धरून जवळ ओढलं आणि इमारतीकडे न बघता विचारलं, "साहेब, हिच्या खाली काय हाय?"

त्यांना वर झोप लागत नव्हती. दिवस खाली खुर्चीवर काढायचे, आणि निजायला वर गेले तरी दाराशी निजायचे. मुलगा चिडायचा, डॉक्टरही झाले. माझ्या ओठांवर आलं होतं, काही काळजी करू नका, धोका नाही. शब्द तेच होते. मी ते गिळले आणि म्हटलं, "मला माहीत नाही, काका. बघून सांगतो."

त्यांनी माझा हात सोडला. बरं म्हणाले.

मी खरंच बघितलं. ज्यांनी इमारत बांधली त्यांच्या अभियंत्याला गाठलं, पायाचे नकाशे मागितले. तो टाळायला लागला तेव्हा तीन खेपा घातल्या. खोदकामाच्या वेळचे फोटो पाहिले, बोअर मारून काढलेले दगडाचे नमुने त्यांच्या गोदामात होते, ते हातात घेऊन पाहिले. काळा, घट्ट कातळ. अकरा फुटांवर लागलेला, आणि पुढे जेवढं खाली गेले होते तेवढा सलग. या सगळ्यात महिना गेला. मध्ये मुलीच्या तापाचे आठ दिवस गेले.

मी गेलो तेव्हा फाटकाशी खुर्ची नव्हती. पाचव्या मजल्यावर दार उघडंच होतं. मुलाने मला ओळखलं नाही, नाव सांगितल्यावर आत घेतलं. काकांना जाऊन बारा दिवस झाले होते. झोपेतच गेले म्हणाला. मी उभा राहिलो तसाच. मग मुलगा म्हणाला, शेवटचे पंधरा-वीस दिवस मात्र त्यांनी खाली बसायचं सोडलं होतं. घरात राहायचे, नातवाशी पत्ते खेळायचे. विचारलं की सांगायचे, साहेब बघायला गेलाय.

काकी उंबऱ्याच्या आतल्या बाजूला चटईवर बसल्या होत्या. इतकी वर्षं नवऱ्याच्या शेजारी राहून त्यांनाही ती सवय लागली असावी. पाठ भिंतीला, पाय दाराकडे, उठून पळता येईल असे. त्यांनी मान वर करून विचारलं, "काय निगालं खाली?"

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. मी स्वतः हातात घेऊन पाहिलंय, कातळ आहे, घट्ट आणि सलग, असं सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, चटईची गुंडाळी केली आणि ती घेऊन आतल्या खोलीत गेल्या.